वाटेतले सायकलवाले भेटायचे असतील तर आधी रविवार मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात पुण्याहून एकट्यानं सायकलवर निघायचं आणि किनाऱ्यानं कन्याकुमारी गाठायची. नुसते किलोमीटर मागे टाकायचे नाहीत, वाटेतल्या गावांमधल्या सायकल ग्रुपना भेटायचं आहे. ते शोधायचे कसे, अनोळखी माणसांना लिहायचं काय, त्यांच्या घरी राहणं बरं दिसतं का, आणि त्यांच्यासाठी काही घेऊन जावं का?

मी रत्नागिरीत राहते, इथल्या ग्रुपसोबत सायकल चालवते, ब्रेव्हेही (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड) करते. गोव्याकडे किंवा त्याहून खाली निघालेले बरेच सायकलवाले आमच्या घरी जेवून-झोपून पुढे गेलेत, आणि मीही अशीच लोकांच्या ओसरीवर सायकल टेकवत केरळपर्यंत गेले आहे. पाहुणी आणि यजमान अशा दोन्ही बाजूंनी हे पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की ग्रुप सापडणं ही अडचणच नाही. अडचण घड्याळाची आहे.

गावातला सायकल ग्रुप पहाटे साडेपाचला निघतो आणि आठ-साडेआठला घरी परततो. त्यात डॉक्टर असतात, शिक्षक असतात, बँकेतले लोक असतात, दुकानदार असतात. नऊला प्रत्येकजण आपापल्या कामाला लागलेला असतो. तुम्ही गावात पोचणार दुपारी तीनला किंवा संध्याकाळी सहाला, दमून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ऊन चढायच्या आत निघून जाणार. म्हणजे ते रस्त्यावर असतात तेव्हा तुम्ही गावात नसता, आणि तुम्ही गावात असता तेव्हा ते दवाखान्यात किंवा वर्गावर असतात. भेट झालीच तर रात्री आठला पंधरा मिनिटं, लॉजच्या दारात, एक सेल्फी. मग प्रवासी म्हणतो लोक कोरडे होते आणि ग्रुपवाले म्हणतात पाहुणा घाईत होता. खरं तर दोघांचंही म्हणणं चुकीचं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: मुक्काम ठरवताना अंतराबरोबर वार धरा. शनिवारी संध्याकाळी ज्या गावात ग्रुप आहे तिथे पोचा, रविवारची सकाळ त्यांना द्या.

तुमच्याच मार्गावर हे मोजून दाखवते. मंगळवारी पुणे सोडलं तर ताम्हिणी उतरून निजामपूरवरून माणगाव, पहिला मुक्काम. बुधवारी म्हसळा-श्रीवर्धन करत हरिहरेश्वर. गुरुवारी बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि वर दापोली. शुक्रवारी दाभोळ-धोपावे फेरी करून गुहागर. शनिवारी तवसाळहून जयगड, तिथून गणपतीपुळे आणि संध्याकाळी रत्नागिरी. अंतरं कागदावर लहान वाटतील, पण प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पुन्हा सड्यावर चढायचं, असं दिवसभर चालतं. सामान लादलेल्या सायकलला इथे साठ किलोमीटर भरपूर झाले. शनिवारचा टप्पा त्याहून मोठा आहे, तेव्हा त्या दिवशी गुहागर उजाडायच्या आत सोडा.

आता रविवार. इथले लोक सकाळी मारुती मंदिरापाशी किंवा भाट्याच्या पुलावर जमतात आणि बऱ्याचदा पावसकडे जातात, वीसेक किलोमीटर. तुमचा पुढचा रस्ताही तोच आहे. म्हणजे ग्रुपसोबत पावसला जायचं, तिथे चहा-नाष्टा करायचा, ते मागे वळतील आणि तुम्ही पूर्णगडच्या खाडीपलीकडे गावखडी, आडिवरे, जैतापूर धराल. तुमचा दिवस मोडत नाही, त्यांची राइड मोडत नाही. अशी निरोपाची राइड मला सगळ्यात आवडते. एकमेकांशी जे बोलणं होतं ते चालत्या सायकलीवर होतं, आणि सायकलवाल्यांना तसंच बोलता येतं.

पुढे मालवणात एक दिवस जास्त काढलात तर शुक्रवार-शनिवारी गोव्यात असाल, आणि कारवारनंतर रस्ता कोकणाच्या मानानं सपाट असल्यानं तिसरा रविवार कण्णूरच्या आसपास आणता येईल. हे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. पोट बिघडतं, फेरी चुकते. पण आठवड्यातून एक शनिवार-रविवार जरी साधला तरी पुरे. रोज नवा ग्रुप भेटायचा हट्ट धरला तर प्रवासाची जत्रा होते आणि तुम्हालाच कंटाळा येईल.

आता शोधायचं कसं. दापोली, चिपळूण, रत्नागिरी इथे सायकल क्लब आहेत, सिंधुदुर्गात आहेत, गोव्यात तर आहेतच. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्ट्राव्हावर (राइड नोंदवायचं ॲप) गावाचं नाव टाकलं की दिसतात. पण त्या पानांवरचा शेवटचा फोटो कधीचा आहे ते बघा. बऱ्याच ग्रुपचं खरं जगणं व्हॉट्सॲपवर असतं आणि पान कुणी उघडतही नाही. तिथे लिहून उत्तर आलं नाही तर ते तुम्हाला टाळताहेत असं समजू नका.

त्याहून भरवशाची जागा म्हणजे ब्रेव्हेचं वेळापत्रक. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ब्रेव्हे किंवा बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर पूर्ण करायची लांब राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. ही चारही अंतरं एका हंगामात केली की सुपर रँडोनर म्हणतात. नियम फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनचे आणि भारतातलं काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स बघते. त्यांच्या संकेतस्थळावर कोणत्या शहरात कधी ब्रेव्हे आहे आणि आयोजक कोण हे दिलेलं असतं. डिसेंबर-जानेवारी हा ऐन हंगाम. तुमच्या मार्गावरच्या शहरात त्या आठवड्यात ब्रेव्हे असेल तर तिथे बरेच सायकलवाले सुरुवातीच्या जागी एकत्र उभे असणार, हे पक्कं. तुम्ही भाग घ्यायची गरज नाही. सुरुवातीला जाऊन उभे राहा, किंवा आयोजकाला कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर, मदत हवी का विचारा. माणूस कमीच पडतो, त्यामुळे ‘हो’ येण्याची शक्यता चांगली. एक लक्षात ठेवा: ब्रेव्हेतल्या स्वाराला बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. रस्त्यात सोबत चालवत गप्पा मारा, पण त्याला ट्यूब किंवा केळं देऊ नका. तुमच्या प्रेमापोटी त्याची राइड बाद व्हायची.

लहान गावात यातलं काहीच नसतं. तिथे सायकलच्या दुकानात जा. पंक्चरवाल्याला विचारा, “इथे पहाटे गिअरच्या सायकली घेऊन कोण कोण जातं?” त्याला सगळे माहीत असतात, कारण सगळे शेवटी त्याच्याकडेच येतात. तो हायस्कूलमधले सर सांगेल, नाक्यावरचे डेंटिस्ट सांगेल, आणि बहुतेक वेळा तिथूनच फोनही लावेल. मला वाटेत भेटलेली कितीतरी चांगली माणसं अशी दुकानातून मिळाली आहेत, फोनमधून नाही.

आणि दुकानदार हा नुसता पत्ता सांगणारा माणूस नाही. गावातला सायकलचा संसार त्याच्याभोवती असतो: शाळेची मुलं, पेपरवाला, दूधवाला. लायक्रा घालून रविवारी निघणारे आम्ही हा त्याचा एक छोटा भाग. गोव्यात सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत पाव घेऊन फिरणारा पोदेर भेटेल. त्याच्या वाड्यावाड्यांमधल्या आडवाटा कुठल्याही नकाशापेक्षा पक्क्या असतात, आणि त्याला थांबवून रस्ता विचारलात तर पावही ताजा मिळतो. ‘सायकल कम्युनिटी’ म्हटल्यावर या लोकांना वगळू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. वर्षाचे तीनशे दिवस सायकल चालवणारे तेच आहेत.

काय लिहायचं यावर आता जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. आम्हाला येणारा नेहमीचा मेसेज असा असतो: “हाय, मी ऑल इंडिया राइडवर आहे, उद्या तुमच्या शहरात येतोय, राहायची सोय होईल का?” ग्रुपमध्ये ऐंशी माणसं हा मेसेज वाचतात आणि कुणीच उत्तर देत नाही. का ते सांगते. राहण्याला ‘हो’ म्हणणं हा एका माणसाचा निर्णय नसतो. घरात दोन खोल्या असतात, सासूबाईंची तब्येत असते, मुलीची सहामाही असते, आणि येणारा कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. ॲडमिनला वाटतं कुणीतरी देईल उत्तर, बाकीच्यांना वाटतं ॲडमिन बघेल. संध्याकाळपर्यंत मेसेज वर सरकून जातो.

त्याऐवजी अशी गोष्ट मागा जिला कुणीही एकटा, घरी न विचारता ‘हो’ म्हणू शकेल. साधारण असं:

“नमस्कार. मी पुण्याहून कन्याकुमारीला सायकलनं निघालो आहे. या शनिवारी संध्याकाळी रत्नागिरीत पोचेन. रविवारी तुमची राइड असेल तर पावसपर्यंत सोबत यायला आवडेल. सायकलवर सामान आहे, वेग ताशी पंधरा-सोळा. मुक्कामाची सोय केली आहे. जैतापूरच्या बाजूचा रस्ता सध्या कसा आहे तेही विचारायचं होतं.”

यात प्रत्येक वाक्याचं काम आहे. वार आणि जागा आहे, म्हणजे ठरवता येतं. वेग सांगितला आहे, कारण रोडबाइकवाले पंचवीस-अठ्ठावीसनं जातात आणि तुमच्यासाठी सतत थांबावं लागलं तर दोघांनाही अवघड होतं. आधी कळलं की ते तुम्हाला सावकाश चालवणाऱ्यांबरोबर जोडून देतात. मुक्कामाची सोय केली आहे म्हटल्यावर समोरच्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. आणि रस्त्याचा प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर द्यायला प्रत्येक सायकलवाल्याला मनापासून आवडतं. हा मेसेज चार-पाच दिवस आधी टाका, आदल्या रात्री एकदा आठवण करा. सोबत स्वतःचं नाव आणि स्ट्राव्हाचं किंवा इन्स्टाग्रामचं पान द्या, म्हणजे तुम्ही कोण हे बघता येतं.

रस्त्याबद्दल विचारणं ही नुसती बोलणं सुरू करण्याची युक्ती नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ चं रुंदीकरण केरळात गेली काही वर्षं चालू आहे. कुठे सर्व्हिस रोड बंद, कुठे एकाच बाजूनं दोन्हीकडची वाहतूक. आजची स्थिती नकाशा सांगत नाही, तिथला माणूस सांगतो. महामार्ग सोडून किनाऱ्यालगतच्या जुन्या गावरस्त्यांनी कसं जायचं हे तिथले सायकलवाले रोज करतात. कोकणातही तेच. फेरीची शेवटची खेप किती वाजता, भरती-ओहोटीनं ती थांबते का, कुठल्या उताराला खडी पसरली आहे, हे आम्हाला ठाऊक असतं.

घरी राहण्याबद्दल. तुम्ही मागितलं नाही तरी बऱ्याचदा बोलावणं येतं. पावसला मिसळ खाताना कुणीतरी म्हणतं, “अहो, राजापूरला माझा भाऊ आहे, त्याच्याकडे उतरा.” असं आलेलं बोलावणं मनापासूनचं असतं, ते घ्या. एका घरी एक रात्र, फार तर दोन. पोचायची वेळ सांगा आणि पाळा, कारण तुमच्यासाठी जेवण थांबलेलं असतं. आल्यावर चिखलाची सायकल पुसून मग आत घ्या, कपडे स्वतः धुवा, आणि रात्री साडेनऊनंतर घरातले जांभया द्यायला लागले की उठा. पैसे देऊ करू नका, लोकांना लागतं ते. शाकाहारी आहात की नाही हे आधीच सांगा. मालवणात पाहुणा आला म्हणून सकाळी मासळी आणलेली असते, आणि ताटावर बसल्यावर सांगितलं तर यजमानीणबाईंची पंचाईत होते. वॉर्मशॉवर्स ही सायकलप्रवाशांना घरी उतरवणाऱ्यांची यादी आहे. गोवा, मंगळूर, कोची अशा शहरांत ती उपयोगी पडते, मधल्या लहान गावांत तिच्या भरवशावर राहू नका. लॉजचे पैसे हिशेबात धरूनच निघा. राहायला मिळेल म्हणून लोकांना भेटायचं नाही, आणि भेटलेल्यांकडे राहायला मिळालं तर ते जास्तीचं, असं मनाशी ठेवलं की कुणाशीही मोकळं बोलता येतं.

हे सगळं तुम्ही एकटे पुरुष आहात असं धरून लिहिलं. एकट्या बाईनं निघायचं असेल तर मी दोन-तीन गोष्टी ठाम पाळते. पहिली भेट राइडवर किंवा चहाच्या टपरीवर, घरी नाही. ज्या घरातल्या बाईशी फोनवर माझं बोलणं झालं आहे त्याच घरी मुक्काम. घरच्या एका माणसाकडे त्या दिवसाचा पत्ता आणि लाइव्ह लोकेशन, आणि ते लोकेशन ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपमध्ये स्त्रिया असतील तर आधी त्यांना लिहा. मुक्कामाचं आणि रस्त्याचं खरं त्याच सांगतात.

प्रत्यक्ष राइडमध्ये थोडं जपायचं असतं. हेल्मेट आणि पुढे-मागे दिवे हवेतच, पहाटे साडेपाचला कोकणात अंधार असतो. बाजूच्या पिशव्यांमुळे तुमची सायकल रुंद झालेली असते, म्हणून कुणाच्या चाकाला चिकटून चालवू नका, शेवटी राहा. शक्य असेल तर आणि त्याच गावात परत यायचं असेल तर सामान लॉजवर ठेवून या, तुमचेच पाय दुवा देतील.

एक गोष्ट खास आपल्याकडची आहे: सत्कार. लांबून सायकलवाला आला म्हटलं की शाल, श्रीफळ, बॅनर, स्थानिक पेपरचा वार्ताहर. त्यामागे खरा जिव्हाळा असतो, म्हणून तोडून टाकू नका. पण सकाळी दहाचा सत्कार म्हणजे बारा वाजता भर उन्हात घाट. डिसेंबरातही कोकणातली दुपार घाम काढते. कुणी सुचवलं तर लगेच म्हणा, “संध्याकाळी पोचल्यावर करूया, आणि हाराऐवजी सगळे बसून गप्पा मारू.” शाळेत मुलांशी बोलायला बोलावलं तर मात्र वेळ काढा. मुलं सायकलबद्दल जे प्रश्न विचारतात ते मोठ्यांना सुचतही नाहीत.

भाषेची काळजी तुम्ही केली नाहीत, पण इतर करतात म्हणून लिहिते. कारवारपर्यंत मराठी-कोंकणीत निभावतं. पुढे उडुपी, मंगळूर, केरळात ग्रुपवाल्यांशी इंग्रजी-हिंदी चालते. दुकानात, टपरीवर हात, नकाशा आणि सायकल यांवर भागतं. तिथे व्हॉल्व्हची अडचण जास्त येते. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळी ॲडॉप्टर दोन ठेवा, मग मोटरसायकलची हवा भरतात तिथे काम होतं. आरा तुटला किंवा रिमला आउट आला, म्हणजे चाक वाकडं फिरायला लागलं, तर घाबरू नका, जुन्या दुकानातला मिस्त्री आउट फार छान काढतो. मात्र ७०० सीचे (रोडबाइकच्या मापाचे) ट्यूब-टायर, डिस्क ब्रेकचे पॅड लहान गावात मिळत नाहीत. अशा वेळी ग्रुपमधल्या कुणाच्या तरी कपाटात ते असतात. ओळख झालेली असली की एका फोनवर माणूस मोटरसायकल काढून पुढच्या गावी आणून देतो. असं होताना मी पाहिलं आहे, आणि आम्ही केलंही आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, काय न्यावं. वजन वाहू नका. दक्षिणेकडे जाताना मागच्या रस्त्याची ताजी माहिती न्या. पलीकडून पुण्याकडे येणारा कुणीतरी त्याच ग्रुपकडे चौकशी करत असतो. दाभोळची फेरी वेळेवर आहे का, ताम्हिणीत काम चालू आहे का, गुहागरात कोणतं लॉज सायकल आत ठेवू देतं, हे चार ओळींत लिहून ग्रुपवर टाका आणि सोबत मार्गाची जीपीएक्स फाइल (फोनच्या नकाशात उघडणारी) द्या. पुढच्या मुक्कामी पोचलात की ‘पोचलो’ एवढं कळवा, लोक खरंच वाट बघतात. मग हवं तर ग्रुपमधून बाहेर पडा, कुणी राग धरत नाही.

मंगळवारी निघणार असाल तर आठवणीचा मेसेज शुक्रवारी रात्री गुहागरहून टाका. रविवारी मारुती मंदिर की भाट्याचा पूल हे तोपर्यंत ठरलेलं असतं.